पिशवी उपडी करा, मग किडनीच्या डॉक्टरकडं निघा

तासगावला तहसील कचेरीबाहेर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, २७ वर्षं झाली. सातबारा, फेरफार, रेशनकार्ड, आधार यांच्यावर पोट चालतं, पण अलीकडं दवाखान्याचे कागद घेऊन येणारी माणसं वाढलीत. पिशवी काउंटरवर उपडी करतात आणि म्हणतात, "समद्याची एकेक काढा." मी काढून द्यायचो. कशाला हवी, कुणाला दाखवायची, हे कधी विचारलं नाही.

मग आमच्या आईची पाळी आली. वय ६८, साखरेच्या गोळ्या १४ वर्षं, बीपीची गोळी ९ वर्षं. पायावर सूज दिसायला लागली म्हणून नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि चिठ्ठी दिली, नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, दाखवा. मीही गिऱ्हाइकासारखीच सगळी पिशवी उचलली आणि सांगलीमार्गे मिरज गाठलं.

डॉक्टरांनी पिशवीत हात घातला. पहिल्यांदा निघाला तो डोळ्यांच्या चष्म्याचा नंबर. मग एक्स-रे, मग २०१७ सालचं औषधाचं बिल, मग तोच एक्स-रेचा रिपोर्ट दुसऱ्यांदा. बाहेर पस्तीस-चाळीस माणसं बसलेली आणि आमच्या वाट्याची दहा मिनिटं कागद लावण्यातच गेली. शेवटी ते किडनीचं काम सांगणाऱ्या रक्तातल्या आकड्याबद्दल म्हणाले, "क्रिएटिनिन २.१ आहे हे दिसतंय. पण ते चढत चढत इथवर आलंय की एकदम उडी मारून, ते यातून कळत नाही. जुने रिपोर्ट आहेत का?" होते. घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत. पुढच्या आठवड्यात परत या म्हणाले. फी दोनदा गेली, त्यापेक्षा आईची दोनदा झालेली दगदग जास्त लागली.

दुसऱ्या फेरीला मी जे नेलं आणि त्यानंतर दुकानात येणाऱ्या चार-पाच घरांना जे करून दिलं, ते इथं लिहितोय. मी डॉक्टर नाही, कागदवाला आहे. औषध कुठलं घ्यायचं ते मला विचारू नका.

आधी डॉक्टर बरोबर आहे का बघा

आमच्याकडं किडनी म्हटलं की मुतखडा. त्यामुळं निम्मी माणसं चुकीच्या दारात जाऊन बसतात. खडा, प्रोस्टेट, लघवीच्या वाटेचा अडथळा, म्हणजे जिथं ऑपरेशन लागू शकतं, तिथं युरॉलॉजिस्ट. तो सर्जन असतो. क्रिएटिनिन वाढलंय, लघवीतून प्रोटीन जातंय, साखरेमुळं किंवा बीपीमुळं किडनी झिजतेय, डायलिसिसचा विषय निघालाय, तर नेफ्रॉलॉजिस्ट. पाटीवर दोन्ही शब्द मोठ्या अक्षरात असतात आणि दोन्हींच्या शेवटी "लॉजिस्ट" असतं, म्हणून फोनवर नंबर लावतानाच विचारा. "क्रिएटिनिन वाढलंय, त्यासाठी यायचंय" एवढं सांगितलं तरी समोरची पोरगी नीट सांगते.

त्याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. रक्त-लघवी तिथंच तपासणार की करून आणायची? उपाशीपोटी यायचं का? सोनोग्राफी तिथंच होते का, आणि होत असेल तर लघवी धरून यायचं का? आम्ही विचारलं नव्हतं. आई सकाळपासून उपाशी बसली आणि साखरेची गोळी मात्र घेऊन बसली. साडेअकराला हातपाय कापायला लागले. शेजारच्या बाईंनी पर्समधनं ग्लुकोजचं बिस्कीट काढून दिलं म्हणून निभावलं. क्रिएटिनिनसाठी एरवी उपाशी राहावं लागत नाही. साखर असलेल्या माणसानं डबा आणि थोडी साखर-गूळ जवळ ठेवावाच.

नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा. त्यांना एक ओळ जास्त लिहायला सांगा, कशासाठी पाठवलंय आणि आतापर्यंत काय दिलंय. चिठ्ठी पाकिटात बंद करून देतात ती फोडायची की नाही, असं एकानं मला विचारलं होतं. फोडा बाबा. तुमच्याच किडनीबद्दल लिहिलंय.

एका पानाचा उतारा

सातबाऱ्यावर जसा जमिनीचा इतिहास एका नजरेत दिसतो, तसा किडनीचा एक उतारा करायचा. डॉक्टरांना त्या दिवशीचा आकडा हवाच असतो, पण त्याहून जास्त हवी असते आकड्यांची वाट.

त्याचं कारण मला दुसऱ्या फेरीला कळलं. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या कामातनं रक्तात येणारा कचरा. किडनी तो लघवीवाटे काढून टाकते, ती मंदावली की तो साठतो. आता २.१ हा आकडा दोन तऱ्हांनी येऊ शकतो. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं किंवा दुखण्याच्या गोळ्यांनी दणका दिला, तर तो चार-आठ दिवसांत चढतो आणि वेळीच सावरलं तर पुष्कळदा उतरतोही. साखरेनं नाहीतर बीपीनं झीज होत असेल तर तो वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलानं चढतो. बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला की त्याला जुना आजार धरतात. दोन्हींचा इलाज वेगळा, घाई वेगळी. म्हणून तीन महिन्यांपूर्वीचा, वर्षापूर्वीचा, पाच वर्षांपूर्वीचा रिपोर्ट शोधायचा.

"आमच्याकडं जुनं काहीच नाही" असं सगळे म्हणतात आणि सगळ्यांकडं असतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं का? त्याआधी रक्त काढलेलं असतं. हर्निया, गर्भपिशवीचं ऑपरेशन, विमा काढताना केलेली तपासणी, डेंग्यूत अॅडमिट झालात तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड, या सगळ्यांत क्रिएटिनिन लपलेलं असू शकतं. गावातल्या लॅबमध्ये जाऊन नाव आणि अंदाजे साल सांगा. कॉम्प्युटरवर असेल तर पुन्हा छापून देतात. आईचा २०२२ चा आकडा मला मोतीबिंदूच्या फाइलमध्ये सापडला, चष्म्याच्या नंबरच्या पाठीमागं.

तिचा उतारा असा झाला.

वय ६८, वजन ५४ किलो. साखर २०११ पासून, बीपी २०१६ पासून.
क्रिएटिनिन मार्च २०२० : १.१
ऑगस्ट २०२२ : १.३ (मोतीबिंदूच्या आधी)
जानेवारी २०२४ : १.६ (तापात)
जुलै २०२५ : २.१
हिमोग्लोबिन : १२.१, ११.४, १०.६, ९.८ (त्याच तारखांना)
लघवीत प्रोटीन : २०२२ मध्ये एक अधिक (+), २०२५ मध्ये तीन अधिक (+++), म्हणजे जास्त
पायाला सूज : मे २०२५ पासून, संध्याकाळी जास्त
ऑपरेशन : मोतीबिंदू २०२२. अॅडमिट : २०२४, ताप, ४ दिवस

बस. हाताने लिहिलं तरी चालतं, अक्षर सुवाच्य हवं. डॉक्टरांनी ते पान उचललं, एकदा वरून खाली बघितलं आणि लगेच आईकडं वळून बोलायला लागले. मागच्या फेरीत दहा मिनिटं खाल्लेलं काम अर्ध्या मिनिटात झालं.

एक गोष्ट त्या पानानं मलाच दाखवली. २०२० चा १.१ हा आकडा लॅबच्या कागदावर ठळक केलेला नव्हता, कारण शेजारी लिहिलेली मर्यादा ०.६ ते १.१ होती. ठळक नाही म्हणजे ठीक, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. पण क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असतं आणि ५४ किलोच्या बाईचे स्नायू ते किती! त्यावरून, वय आणि बाई की पुरुष हे धरून, किडनी किती गाळते याचा एक दुसरा आकडा काढतात, ईजीएफआर. आताचे बहुतेक रिपोर्ट तो छापतात. ९० च्या वर चांगला. ६० च्या खाली तीन महिने राहिला तर किडनीचा जुना आजार. ३० च्या खाली चौथी पायरी, १५ च्या खाली पाचवी आणि शेवटची. आईचा २०२० मध्येच ५६ भरत होता आणि आता २५. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर काढून दाखवला तेव्हा मला माझ्याच दुकानाचा राग आला. तो २०२० चा कागद मी स्वतः झेरॉक्स केला होता, बँकेच्या विम्यासाठी.

कागदांबद्दल धंद्यातलं थोडं

सोनोग्राफीचे काळे चकचकीत फोटो आणि ईसीजीची पट्टी उष्णतेवर छापलेली असते. ती लॅमिनेट करायला आणू नका. मशीनमध्ये घातली की गरम रोलरनं सगळी काळी पडते, हे पाप माझ्या हातून एकदा झालंय. उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत महिनोन्महिने ठेवली की पुसट होते. अशा कागदाची आल्या आल्या झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर सरळ वरून फोटो घ्या. सोनोग्राफीच्या फोटोंपेक्षा त्यासोबतचा टाइप केलेला रिपोर्ट महत्त्वाचा. त्यात किडनीची लांबी सेंटिमीटरमध्ये असते. साधारण ९ ते १२ ही मोठ्या माणसाची लांबी. आकसलेली असेल तर झीज जुनी, असा अंदाज बांधतात. साखरेच्या पेशंटची मात्र झीज होऊनही लांबी तेवढीच राहू शकते, म्हणून "सोनोग्राफी नॉर्मल आली" म्हणून पेढे वाटू नयेत.

फाइल लावताना नवा कागद वर, जुना खाली. रक्त एका कप्प्यात, लघवी दुसऱ्यात, सोनोग्राफी-एक्स-रे तिसऱ्यात. औषधांची बिलं घरी ठेवा. मूळ कागद न्या आणि झेरॉक्सचा एक संच वेगळा न्या, तिथं ठेवून घेतला तरी चालेल असा. आणि स्टेपलर मारताना आकड्यावर मारू नका, हात जोडतो.

साखरेचा पेशंट असेल तर डोळ्याच्या पडद्याचा रिपोर्ट न्या. चष्म्याचा नंबर नव्हे, बाहुली मोठी करणारे थेंब घालून आतला पडदा तपासतात तो. किडनीवाल्याला डोळा कशाला, असं मलाही वाटलं होतं. साखर बारीक रक्तवाहिन्या खराब करते आणि डोळ्यात त्या प्रत्यक्ष दिसतात. पडदा खराब असेल तर किडनीही साखरेनंच बिघडली असावी या अंदाजाला बळ येतं. पडदा स्वच्छ असेल तर डॉक्टर दुसरं कारण शोधतात.

औषधाची पिशवी, आणि जी पिशवीत नसते ती

इथं मी जास्त वेळ घेणार आहे.

यादी लिहून नेऊ नका. औषधंच न्या. पट्ट्या, बाटल्या, इन्सुलिनचं पेन, सगळं एका पिशवीत. गोळी कापून घेताना मेडिकलवाला नावाची बाजू आपल्याकडं ठेवतो आणि तुम्हाला नुसत्या चांदीच्या चौकटी मिळतात. जायच्या आठवड्यात नावाची बाजू मागून घ्या. "बीपीची पांढरी बारीक गोळी" असं सांगून कुणालाच काही कळत नाही, पांढऱ्या बारीक गोळ्या शेकड्यानं असतात.

मी आईची पिशवी भरली, साखरेच्या दोन आणि बीपीची एक पट्टी. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आणखी काही घेता?"

"न्हाई बा."

"गुडघे दुखतात?"

"दुखत्यात की. त्याची गोळी हाय."

"ती कुठाय?"

"ती काय औषध हाय व्हय? दुखलं की खायाची."

"आणि किती दिवस दुखतं?"

"रोजच."

घरी आल्यावर सापडली, देवघराच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या डबीमागं. डायक्लोफिनॅक. चिठ्ठीशिवाय दुकानातून आणलेली, दीड वर्ष रोज एक, द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत दोन. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन ही जी दुखण्या-सुजेची औषधं आहेत, ती किडनीकडं जाणारा रक्ताचा पुरवठा आवळतात. तरण्या माणसाला दोन दिवस चालून जातं. साखर, बीपी, वय आणि वरून बीपीच्या काही ठरावीक गोळ्या व लघवीची गोळी असेल, तर तीच जोडी किडनीला दाबते. फोनवर सांगितल्यावर डॉक्टरांनी ती त्याच दिवशी बंद करायला लावली. पॅरासिटामॉल चालेल म्हणाले, तीही सांगितली तेवढीच. दीड महिन्यानं क्रिएटिनिन १.८ झालं. म्हणजे सगळी झीज गोळीची नव्हती, पण वरचा ढीग तिचा होता.

तेव्हा घरातल्या बायांना, म्हाताऱ्यांना "औषध काय घेता" असं विचारूच नका. "कंबर दुखली तर काय खाता, झोप नाही आली तर काय, पोट साफ होत नाही तर काय" असं एकेक विचारा. मग निघतात गोष्टी. आमच्याकडं आणखी निघाल्या त्या अशा. बाजारातल्या एका माणसाकडची गुडघ्याची पुडी, तपकिरी, नाव-गाव काही नाही. जावयानं पुण्याहून आणलेलं "कमी सोडियमचं" मीठ. आणि मिसरी, दिवसातून चार वेळा.

पुडी किंवा भस्म असेल तर तीही न्या, लाजू नका. काही भस्मांत पारा-शिसं असतं आणि ते किडनीला बाधतं. आयुर्वेदाला नावं ठेवायची म्हणून मी हे लिहीत नाही. निनावी पुडी कुणाचीच नसते, तिची जबाबदारी कुणी घेत नाही, एवढंच. कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. किडनी मंदावली की पोटॅशियम बाहेर जायला वेळ लागतो आणि ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणजे जावयानं प्रेमानं आणलेली वस्तू नेमकी उलटी. जिमला जाणाऱ्या पोरांनी प्रोटीनच्या पावडरीचा आणि क्रिएटिनच्या डब्याचा फोटो न्यावा. दारू, तंबाखू, मिसरी किती ते खरं सांगा. डॉक्टर काही भावकीतले नाहीत, गावात सांगत फिरत नाहीत.

दोन गोष्टी मात्र करू नका. नंबर लावला म्हणून आधीच बीपीची किंवा साखरेची गोळी स्वतःहून बंद करू नका. मेटफॉर्मिनसारख्या गोळीचा डोस किडनीच्या कामावर ठरतो, तो बदलायचा की थांबवायचा हे ते सांगतील. त्या दिवशीही सकाळची बीपीची गोळी नेहमीसारखी घेऊन जा, नाहीतर तिथं दिसणारं बीपी बिनगोळीचं असेल.

आणि साखर एकाएकी कमी यायला लागली असेल तर तारखांसकट सांगा. आमच्या आळीतल्या एका आजोबांची इन्सुलिन निम्म्यावर आली तेव्हा घरच्यांनी आनंदानं सांगितलं होतं, "साखर सुटली." किडनी थकली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळते आणि साखर खाली उतरते. ती चांगली बातमी असेलच असं नाही.

घरचं बीपी

दवाखान्यात बीपी चढतं, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आधीचे सात दिवस घरी मोजा. दंडाला पट्टा लावायचं मशीन चांगलं, मनगटाचं नको. पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीवर टेबलावर. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नाही. सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि रात्री दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून. जे येईल ते लिहायचं. आमची बहीण १६२ आलं की "थांब, परत लावू" म्हणायची आणि १४८ येईपर्यंत लावत बसायची. असं करू नका. मशीनही सोबत न्या, तिथल्या मशीनशी ताडून बघता येतं.

वजनही रोज सकाळी लिहा. अंगात पाणी साठलं की ते आधी काट्यावर दिसतं, मग पायावर.

आईला विचारायच्या जुन्या गोष्टी

हे बसमध्ये विचारायचं नाही, आदल्या रात्री निवांत विचारायचं. डॉक्टर विचारतात तेव्हा माणूस गडबडतो आणि "न्हाई, काय न्हाई" म्हणून मोकळा होतो. घराण्यात कुणाला डायलिसिस लागलं होतं का? कुणाच्या किडनीत पाण्याचे फोड होते का? तो आजार आईबापांकडून पोरांत येतो, निम्म्या शक्यतेनं. लहानपणी वारंवार लघवीची जळजळ? मुतखडा? बाळंतपणात अंगावर सूज, बीपी, झटके? रात्री किती वेळा उठता? लघवीला फेस येतो आणि बराच वेळ टिकतो का? लाल किंवा चहासारखी कधी झाली? अंगाला खाज, मळमळ, चालताना दम?

आईनं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं की माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी सातव्या महिन्यात तोंड सुजलं होतं आणि सांगलीला नेलं होतं. ५० वर्षं झाली त्याला. मीही ऐकलं नव्हतं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

जायचा दिवस

सैल बाह्यांचा पोलका किंवा सदरा, बीपीचा पट्टा दंडावर चढला पाहिजे. पायमोजे नकोत, सूज दाबून बघतात. दारात पोचल्या पोचल्या लघवीला जाऊन येऊ नका, नमुना मागतात. आमच्या आईनं नेमकं तेच केलं आणि मग तासभर पाणी पीत बसली. घरून नमुना न्यायला सांगितला असेल तर सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली, लॅबच्या डबीत. त्यातून अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढतात, एसीआर म्हणतात त्याला. ३० च्या आत बरं, ३०० च्या वर फार. अंगात ताप असेल, पाळी चालू असेल तर आधी सांगा, आकडा चुकीचा येऊ शकतो. रक्त द्यायचं असेल तर आदल्या रात्री मटण नको. शिजवलेल्या मटणानं क्रिएटिनिन थोडा वेळ वर जातं.

सोबत एक माणूस असा हवा जो स्वयंपाक करतो. आम्ही दोघं भाऊ गेलो होतो, रुबाबात. डॉक्टरांनी विचारलं, घरात महिन्याला मीठ किती लागतं, लोणचं-पापड रोज असतं का, डाळ किती वाट्या. आम्ही एकमेकांकडं बघितलं. दुसऱ्या वेळी वहिनी आली आणि तिनं खर्ड्यातलं मीठसुद्धा मोजून सांगितलं.

प्रश्न पाचच लिहून न्या. पंधरा नेलेत तर एकाचंही धड उत्तर मिळत नाही. माझे हे होते. कुठली पायरी आहे आणि कशामुळं? यातलं काही माघारी येण्यासारखं आहे का? बीपी कितीवर ठेवायचं? कुठल्या गोळ्या आजपासून बंद? पाणी किती? पाण्याचं मुद्दाम विचारा, कारण "भरपूर पाणी प्यायलं की किडनी धुऊन निघते" असं सांगणारे दहा जण भेटतात. खड्याच्या माणसाला जास्त पाणी सांगतात हे खरं, पण सूज असलेल्या माणसाला मोजून प्यायला सांगू शकतात. आईला दीड लिटर सांगितलं. तुमचं वेगळं असेल.

पथ्याचंही तसंच. आमच्या तासगावात बेदाणा म्हणजे पाहुण्याच्या हातावर ठेवायची वस्तू. कुणीतरी सांगितलं, किडनीला बेदाणा विष. आईनं त्या दिवसापासून बेदाणे, केळी, टोमॅटो, डाळ, दूध सगळं सोडलं आणि महिन्यात तीन किलो उतरली. बेदाण्यात पोटॅशियम भरपूर असतं हे खरं. पण ते सोडायचं की नाही हे रक्तातलं पोटॅशियम किती आहे त्यावर ठरतं. तिचं ४.६ होतं, मर्यादेत. थोडे खा म्हणाले. मीठ मात्र सगळ्यांनीच कमी करायचं, दिवसाला जेमतेम चहाचा एक चमचा, त्यात लोणचं-पापड-फरसाण सगळं धरून.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. चौथ्या पायरीच्या आसपास असाल तर ज्या हातानं कमी काम करता, बहुतेकांचा डावा, त्याच्या कोपराखालच्या शिरा राखून ठेवायच्या. रक्त काढायचं, सलाइन लावायचं ते दुसऱ्या हाताला किंवा तळहाताच्या पाठीमागं. पुढंमागं डायलिसिसची वेळ आलीच तर त्याच हातात शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात, आणि टोचून टोचून खराब झालेली शीर कामाची राहत नाही. आता आईच रक्त घेणाऱ्या पोराला उजवा हात पुढं करते आणि दटावते, "ह्यो न्हाई, त्यो ठेवायचाय." शिवाय कुठंही रंगाचं इंजेक्शन देऊन सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी सांगितली तर आधी क्रिएटिनिन सांगायचं.

पैशाचं थोडक्यात. पहिल्या भेटीची फी, तपासण्या, गोळ्या हे खिशातूनच जातं. सरकारची महात्मा फुले जन आरोग्य योजना तिच्यात नोंदलेल्या रुग्णालयात डायलिसिससारख्या उपचारांना लागू होते, ओपीडीच्या फीला नाही. तरी रेशनकार्ड आणि आधारची एकेक प्रत फाइलच्या शेवटच्या कप्प्यात असू द्या. दोन्हींवरचं नाव सारखं आहे का ते आत्ताच बघा. "शेवंता" आणि "शेवंताबाई" यावरून मी माणसं रडकुंडीला आलेली रोज बघतो, आणि त्यावेळी पेशंट आत असतो.

निघताना चिठ्ठी तिथंच मोठ्यानं वाचून घ्या. कुठली गोळी नवी, कुठली बंद, कुठली निम्मी, पुढची तारीख कोणती, त्याआधी कुठल्या तपासण्या. तपासण्या शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. बंद झालेल्या गोळ्या घरी आल्या आल्या डब्यातून बाहेर काढा, नाहीतर नवी आणि जुनी दोन्ही चालू राहतात. आमच्याकडं एक आठवडा राहिल्या होत्या.

आईची पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली. उताऱ्यावर शेवटच्या ओळीखाली मी १.८ लिहिलं आणि त्याखाली आठ-दहा ओळी रिकाम्या सोडल्या.